बासष्ट तासांचा पंधरवडा

सिडनीत मास्टर्स करणारी एक मराठी विद्यार्थिनी, उपनगरातलं एक भारतीय रेस्टॉरंट आणि ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२५ हे सत्र, एवढाच या प्रकरणाचा पसारा. यातली मुलगी म्हणजे कुणी एक ठरावीक व्यक्ती नाही. स्टुडंट व्हिसावर ऑस्ट्रेलियात गेलेल्या मुलामुलींच्या बाबतीत जे वारंवार घडतं, ते एका ठिकाणी आणून ही परिस्थिती उभी केली आहे. कायदा, दर आणि नियमांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

घरची स्थिती बहुतेकांची असते तशीच. शैक्षणिक कर्ज काढलं होतं, वडिलांनी पीएफमधून काही रक्कम उचलली होती. व्हिसासाठी वर्षभराच्या राहणीखर्चाचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, ते दाखवले. व्हिसाचं शुल्कच १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर झालं आहे. तिकिटं, डिपॉझिट, खोलीचं भाडं यांत हातातला पैसा आटत गेला आणि घरून निरोप आला, "पहिले दोन महिने आम्ही बघतो, पुढचं तू जमव." नोकरी ही तिची हौस नव्हती, हे आधीच सांगायला हवं. अशा प्रकरणांत "शिकायला गेली होतीस की कमवायला?" हा प्रश्न फार चटकन विचारला जातो. कायदा तो विचारत नाही. अभ्यास सांभाळून ठरावीक तास काम करायची मुभा व्हिसातच दिलेली आहे.

ती मुभा व्हिसाच्या अट क्रमांक ८१०५ मध्ये आहे. कोर्स सुरू होईपर्यंत काम करायचं नाही. सत्र चालू असताना एका पंधरवड्यात जास्तीत जास्त ४८ तास. सत्राबाहेर, म्हणजे संस्थेच्या अधिकृत सुट्टीत, मर्यादा नाही. संशोधनातून मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांनाही संशोधन सुरू झाल्यावर ही मर्यादा लागत नाही. हिचं मास्टर्स कोर्सवर्कचं, म्हणजे वर्ग आणि असाइनमेंटचं, म्हणून हिला लागू.

हा आकडा वेळोवेळी बदलत आला आहे, आणि तिच्या अडचणीचं एक मूळ त्यातच आहे. आधी पंधरवड्याला ४० तास होते. कोविडनंतर माणसं मिळेनात, तेव्हा जानेवारी २०२२ पासून ३० जून २०२३ पर्यंत मर्यादा उठवली गेली. १ जुलै २०२३ पासून ती ४८ तासांवर परत आली. तिला नोकरीचे धडे देणारे सीनियर नेमके त्या मोकळ्या काळात आले होते. आठवड्याला ५० तास काम करूनही त्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण तेव्हा विचारण्यासारखं काही नव्हतंच. "कुणी बघत नाही गं" हे त्यांनी मनापासून सांगितलं. त्यांच्या वेळेपुरतं ते खरंही होतं.

दोन पेस्लिपांच्या मधले चौदा दिवस

पहिल्या महिन्यात मालकाने तिला नीट, कागदावर ठेवलं. पगार दर दोन आठवड्यांनी. ४ ऑगस्टच्या आठवड्यात ती १६ तास कामावर होती. पुढच्या आठवड्यात एक वेटर सोडून गेला, म्हणून ३२. त्यानंतर १८ ऑगस्टच्या आठवड्यात ३० आणि २५ ऑगस्टच्या आठवड्यात १८. पहिल्या पेस्लिपवर ४८ तास, दुसऱ्या पेस्लिपवरही ४८. मालक म्हणाला, "बघ, मी सगळं नियमात बसवलंय." तिलाही तसंच वाटलं.

नियम मात्र मोडला गेला होता. अटीप्रमाणे पंधरवडा म्हणजे कुठल्याही सोमवारी सुरू होणारे सलग १४ दिवस. पगाराचा पंधरवडा कुठून सुरू होतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही. दर सोमवारी एक नवा पंधरवडा सुरू होतो, आणि म्हणून प्रत्येक आठवडा दोनदा मोजला जातो, एकदा मागच्या आठवड्याबरोबर आणि एकदा पुढच्या. ११ ते २४ ऑगस्ट हे चौदा दिवस धरले की ३२ अधिक ३०, एकूण ६२ तास होतात. म्हणजे १४ तास जास्त, तेही दोन स्वच्छ पेस्लिपांच्या मधोमध.

कॅशचे व्यवहार, धमक्या हे सगळं पुढे येतंच, पण ही चूक मला त्याहून जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती प्रामाणिक मुलांच्या हातून होते. उपाय सोपा आहे: चालू आठवड्याचे तास नेहमी मागच्या आठवड्याच्या तासांत मिळवून बघायचे, आणि रोस्टर लागलं की पुढच्याशीही जोडून बघायचे. आठवड्याला २४ च्या वर न जाणं हा त्याहून सोपा मार्ग. एक आठवडा ३२ झाला, तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या आठवड्यांत १६ च्या वर जायचं नाही.

आणखी एक गोष्ट तिने धरलीच नव्हती. नोकरी पक्की होण्याआधी दोन संध्याकाळी तिने "ट्रेनिंग" म्हणून फुकट काम केलं होतं. काम येतं का एवढं दाखवण्यापुरता थोडा वेळ असता, तर गोष्ट वेगळी. पूर्ण शिफ्टभर टेबलं सांभाळून घेतली, तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय व्हिसाच्या भाषेत काम म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे मोबदला मिळतो अशी कुठलीही कृती, मग तो हातात पडो वा न पडो. त्या दोन संध्याकाळींचे पैसे बुडाले, आणि तास मात्र ४८ च्या हिशेबात गेले. अ‍ॅपवरून डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचंही असंच असतं. एबीएन, म्हणजे स्वतंत्र व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, काढून "मी माझा स्वतःचा धंदा करतोय" म्हटलं, तरी ते कामच.

रोखीचे अकरा तास

सप्टेंबरपासून मालकाने नवी पद्धत आणली. आठवड्याला २४ तास बँकेतून, पेस्लिपसकट. त्यावरचे ११ तास रोख, तासाला १५ डॉलर, पाकिटात घालून. "कॅशचे तास कुठे दिसत नाहीत, तुझा व्हिसा सेफ," असं त्याचं म्हणणं. वर हेही की देशी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात.

आता आकडे बघू. १ जुलै २०२५ पासून राष्ट्रीय किमान वेतन तासाला २४.९५ डॉलर होतं. कॅज्युअल कामगाराला रजा वगैरे मिळत नाहीत, त्याबद्दल त्यावर २५ टक्के द्यावे लागतात, म्हणजे ३१.१९. रेस्टॉरंटच्या धंद्याला स्वतंत्र अवॉर्ड, म्हणजे त्या धंद्यापुरते बंधनकारक वेतनदर, लागू असतो, त्यात शनिवार-रविवारचे दर आणखी वरचे. सगळ्यात खालचा दर धरला तरी ११ तासांचे दहा आठवडे म्हणजे ११० तास, आणि त्यांचे ३,४३०.९० डॉलर होतात. तिला मिळाले १,६५०. फरक १,७८०.९० डॉलरचा. या ११० तासांवर १२ टक्के सुपर, म्हणजे निवृत्तीनिधी, भरायला हवा होता, तो ४११.७१ डॉलर. तोही नाही.

व्हिसाच्या बाजूने पाहिलं तर ३५ तासांचे दोन आठवडे म्हणजे ७० तासांचा पंधरवडा. रोख दिल्याने तास नाहीसे होत नाहीत. नाहीसा होतो तो फक्त तिच्या हातातला पुरावा. हे तिच्या लक्षात यायला ऑक्टोबर उजाडला. तोवर असाइनमेंट उशिरा जाऊ लागल्या होत्या आणि एका विषयात नापास होण्याची चिन्हं होती. अभ्यासात समाधानकारक प्रगती ठेवणं ही व्हिसाची वेगळी अट आहे. जास्तीच्या तासांचा फटका तिथेही बसतो.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने मालकाला दोन गोष्टी सांगितल्या. परीक्षा आहे म्हणून तास कमी करा, आणि रोखीच्या तासांचा दर नीट द्या. त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: "उद्यापासून येऊ नकोस. पैशांचं नाव काढलंस तर इमिग्रेशनला कळवीन. तुझे तास माझ्याकडे लिहिलेले आहेत."

मुलं इथेच गप्प होतात. मेसेज डिलीट करतात, दुसरीकडे नोकरी शोधतात, घरी काही सांगत नाहीत. तिनेही आईला फोनवर फक्त "रेस्टॉरंट सोडलं, परीक्षा आहे ना" एवढंच सांगितलं. मेसेज मात्र तिने पुसला नाही, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

खाती दोन आहेत

मालकाचा सगळा जोर एका समजुतीवर होता: तू नियम मोडलास, म्हणजे तुला आता कशावरच हक्क नाही. एकेकाळी ही समजूत अगदीच निराधार नव्हती. २००४ मध्ये ऑस्ट्रेलिया मीट होल्डिंग्जच्या खटल्यात क्वीन्सलंडच्या अपील न्यायालयाने काम करण्याची परवानगी नसलेल्या एका कामगाराला इजेची भरपाई नाकारली होती. त्याचं कामच बेकायदा, तेव्हा नोकरीचा करारही टिकत नाही, असा तर्क होता. अशा तर्काचा फायदा कुणाला होतो ते उघड आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये एबीसीच्या 'फोर कॉर्नर्स'ने आणि फेअरफॅक्सच्या वृत्तपत्रांनी सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांमधला प्रकार बाहेर काढला. तिथे विद्यार्थ्यांकडून दुप्पट तास काम करून घ्यायचे, निम्मेच तास नोंदवायचे आणि तक्रार केली तर व्हिसाची भीती घालायची, हे सर्रास चाललं होतं. नंतर त्या साखळीतल्या कामगारांना १५ कोटी डॉलरहून जास्त थकबाकी द्यावी लागली.

त्यानंतर कायदा टप्प्याटप्प्याने बदलत गेला. २०२३ मध्ये फेअर वर्क या ऑस्ट्रेलियाच्या कामगार कायद्यात कलम ४०-बी आलं. माणसाचा व्हिसा कुठला आहे किंवा त्याने व्हिसाची अट मोडली आहे का, यावर त्याची मजुरी आणि इतर हक्क अवलंबून नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून व्हिसाची अट मोडून काम करणं हा कामगाराचा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, ते कलमच रद्द झालं. उलट व्हिसाचा धाक दाखवून एखाद्याला कामाच्या जाचक अटी मान्य करायला लावणं हा मालकाचा गुन्हा ठरला, त्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. आणि १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी पगार देणं हाही फौजदारी गुन्हा झाला.

थोडक्यात, तिचे जास्तीचे तास हा तिच्यात आणि होम अफेअर्समध्ये, म्हणजे व्हिसा देणाऱ्या सरकारी खात्यात, असलेला प्रश्न. बुडालेली मजुरी हा मालकात आणि तिच्यात असलेला प्रश्न. पहिल्या खात्यातली बाकी दुसऱ्या खात्यात वळती करून घ्यायचा अधिकार मालकाला नाही. मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना एवढं एक समजलं, तरी असे मेसेज पाठवणाऱ्यांची निम्मी ताकद जाईल.

याचा अर्थ व्हिसाला धोका नव्हता असा अजिबात नाही. अट मोडली तर मायग्रेशन कायद्याच्या कलम ११६ खाली व्हिसा रद्द करता येतो. मात्र तो आपोआप रद्द होत नाही. आधी नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि अधिकारी अट किती मोडली, कशामुळे मोडली, आधीचं वागणं कसं होतं, रद्द केल्याने काय हाल होतील, हे बघून ठरवतो. एकदा रद्द झाला, की पुढचा व्हिसा मिळवणं फार कठीण होऊन बसतं. "काही होत नाही" म्हणणारे सीनियर आणि "आता तुला डिपोर्टच करतात बघ" म्हणणारा मालक, दोघांचंही म्हणणं या कलमात बसत नाही.

ऑगस्ट वेगळा, सप्टेंबर वेगळा

तिने प्रथम काम पूर्ण थांबवलं. मग न्यू साउथ वेल्समधल्या परदेशी विद्यार्थ्यांना मोफत, गोपनीय कायदेशीर सल्ला देणाऱ्या रेडफर्न लीगल सेंटरसारख्या सेवेकडे जायचं ठरवलं. हा क्रम मला अगदी योग्य वाटतो. पुष्कळ मुलं आधी थेट होम अफेअर्सला माफीचा ईमेल लिहायला बसतात, नाहीतर ज्याने अ‍ॅडमिशन करून दिली त्या एजंटला विचारतात. व्हिसाबद्दल सल्ला फक्त नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकीलच देऊ शकतो. अ‍ॅडमिशनचं काम करणारा प्रत्येक जण तसा नोंदणीकृत असतोच असं नाही.

अशा प्रकरणात वकिलाला आधी घटना वेगळ्या कराव्या लागतात. जुलै २०२४ मध्ये प्रायोगिक स्वरूपात एक संरक्षण सुरू झालं. शोषण झालेल्या कामगाराने कामाशी संबंधित अट मोडली असेल, तर काही बाबी पूर्ण झाल्यावर तेवढ्या कारणासाठी त्याचा व्हिसा रद्द करता येत नाही. शोषणाची बाब फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या हक्कांसाठीच्या सरकारी यंत्रणेने किंवा मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेली हवी. शोषण आणि मोडलेली अट यांचा संबंध हवा. आणि पुढे अटी पाळण्याची हमी द्यायला हवी.

यातली कळीची बाब म्हणजे तो संबंध. सप्टेंबर ते नोव्हेंबरचे ७० तासांचे पंधरवडे सरळ त्यात बसतात. कमी दराने रोख काम करून घेण्याची पद्धत मालकाची, ते तास त्यानेच लपवले, आणि धमकीही त्याचीच. ऑगस्टमधल्या ६२ तासांचं काय? तेव्हा पगार पूर्ण मिळाला होता, पेस्लिप होती, दबाव नव्हता. ती निव्वळ हिशेबाची चूक. ती चूक शोषणाच्या पांघरुणाखाली ढकलली, तर बाकीच्या खऱ्या तक्रारीवरचाही विश्वास उडू शकतो. म्हणून ऑगस्ट वेगळा मांडायचा: एकाच पंधरवड्यात १४ तास जास्त, कारण पगाराचा पंधरवडा हाच व्हिसाचा पंधरवडा असा समज, सोबत पेस्लिप. अधिकाऱ्याने विचारलं, तर असं सरळ उत्तर एका पानात देता येतं.

पुराव्याचं काम कंटाळवाणं, पण प्रकरण टिकतं ते त्यावरच. रोस्टरचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होते. कुठल्या दिवशी कुठल्या स्टेशनवर किती वाजता टॅप केलं, ते ओपल कार्डच्या, म्हणजे सिडनीतल्या रेल्वे-बसच्या प्रवासकार्डाच्या, नोंदींत होतं. रात्री साडेअकराचा परतीचा टॅप बघितला, की सात वाजता शिफ्ट संपली असं मालकाने म्हटलं तरी ते टिकणं अवघड. पाकिटातल्या पैशांपैकी काही तिने बँकेत भरले होते, त्या तारखा स्टेटमेंटवर होत्या. या सगळ्याचा मिळून एक तक्ता झाला: तारीख, सुरुवात, शेवट, मिळालेली रक्कम. फेअर वर्कने तासांच्या नोंदीसाठी मोफत अ‍ॅपही काढलेलं आहे, पण साध्या वहीत रोजच्या रोज लिहिलेली नोंदही चालते.

तिच्या बाजूने आणखी एक मोठी गोष्ट होती. पगाराच्या आणि तासांच्या नोंदी सात वर्षं ठेवणं आणि पगार दिल्यापासून एका कामाच्या दिवसात पेस्लिप देणं मालकावर बंधनकारक आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर, त्याने नोंदी ठेवल्या नाहीत किंवा पेस्लिप दिली नाही, तर कामगाराने सांगितलेले तास खोटे आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. ज्या रोख पद्धतीने तिचा पुरावा पुसला जाणार होता, ती पद्धत न्यायालयात मालकावरच उलटते. आणि "तुझे तास माझ्याकडे लिहिलेले आहेत" ही त्याची धमकी म्हणजे असे तास होते याची त्याने स्वतःच दिलेली कबुली.

पैसे मागण्याचा रस्ता पायऱ्यापायऱ्यांचा आहे. आधी रक्कम आणि मुदत घालून लेखी मागणी. ती मानली नाही तर फेअर वर्ककडे. तिथेही सुटलं नाही तर लहान दाव्यांच्या न्यायालयीन प्रक्रियेत, जिथे १ जुलै २०२३ पासून १ लाख डॉलरपर्यंतचे दावे चालतात. मागे सहा वर्षांपर्यंतची थकबाकी मागता येते, त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यातच सगळं उरकायची घाई नव्हती. तिने परीक्षा दिल्या आणि मग मागणीपत्र पाठवलं. दर अवॉर्डप्रमाणे लावल्यावर रक्कम वर काढलेल्या १,७८०.९० च्या पुढे गेली, त्यात फुकट घेतलेल्या दोन शिफ्टही आल्या. सुपरची तक्रार करऑफिसकडे वेगळी जाते. ती बरेच जण सोडून देतात, कारण निवृत्तीचे पैसे आपल्या काय कामाचे असं वाटतं. पण देश कायमचा सोडताना आणि व्हिसा संपल्यावर ते काढता येतात, ३५ टक्के कर कापून का होईना.

राहतो तो पुढच्या व्हिसाचा फॉर्म. पदवीनंतर ती ४८५ व्हिसासाठी, म्हणजे शिक्षण संपल्यावर काही काळ तिथे राहून काम करण्याच्या व्हिसासाठी, अर्ज करेल, तेव्हा आधीच्या व्हिसाच्या अटी पाळल्या होत्या का हा प्रश्न तिच्यापुढे येईल. "हो" वर टिक करून पुढे जायचा मोह होईल. अटभंग झाला हे मान्य केलं, तर कारण सांगता येतं, प्रमाणपत्र जोडता येतं, अधिकाऱ्याला विचार करायला वाव राहतो. खोटी माहिती दिल्याचं निघालं, तर तीन वर्षं व्हिसा नाकारला जाण्याची वेगळीच तरतूद लागू होते. तिच्या फाइलमध्ये आता ऑगस्टचं एक पानी स्पष्टीकरण, सप्टेंबर ते नोव्हेंबरचा तक्ता, तो मेसेज आणि मागणीपत्राची प्रत आहे. फॉर्मवर "नाही" लिहून ती हे सगळं सोबत जोडणार आहे.